हरलेलं मत ४१ वर्षांनी जिंकतं

मोठ्या खटल्याच्या बातमीत कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढं कळतं. खरी नवलाई असते निकालपत्रात. न्यायाधीशांत एकमत झालं नाही, तर अल्पमतात गेलेल्या न्यायाधीशाचं म्हणणंही तिथे जसंच्या तसं छापलं जातं. ते कुणावर बंधनकारक नसतं, पण पुसलंही जात नाही. आणि कधीकधी अनेक वर्षांनी तेच कायदा ठरतं.

आणीबाणीतला ‘एडीएम जबलपूर’ खटला घ्या. ‘मिसा’ या कायद्याखाली विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्या माणसाला हेबियस कॉर्पसची याचिका करता येते का, म्हणजेच ‘मला कोणत्या कायद्याने धरलंत ते न्यायालयात दाखवा’ असं म्हणता येतं का, हा प्रश्न होता. अनेक उच्च न्यायालयांनी ‘येतं’ म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ असं सांगितलं. त्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते.

एकटे राहिले न्या. हंसराज खन्ना. त्यांचं म्हणणं असं की, जगण्याचा हक्क काही राज्यघटनेने बहाल केलेला नाही. घटनेत त्या हक्काचं कलम नसतं, तरीही कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता आलं नसतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जगण्याच्या हक्काला हात लावता येणार नाही अशी तजवीज केली. जबलपूरचा निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला.

मग आला ‘आधार’चा वाद. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत प्रश्न निघाला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का? ‘नाही’ म्हणणाऱ्या सरकारने जुने निकाल पुढे केले. त्यांतला १९५४चा निकाल आठ न्यायाधीशांचा होता. लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल मोडता येत नाही. आठ जणांचा शब्द फिरवायचा तर नऊ जण हवेत! म्हणून नऊ न्यायाधीश एकत्र बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने ‘होय, हा मूलभूत हक्क आहे’ असं सांगितलं.

त्यातलं एक निकालपत्र स्वतःसह चार न्यायाधीशांतर्फे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. जबलपूर खटल्यातल्या चौघांची मतं गंभीरपणे चुकली होती, असं सांगून त्यांनी तो निकाल रद्द ठरवला आणि खन्नांचं म्हणणं उचलून धरलं. त्या चौघांपैकी एक त्यांचे वडील होते. मुलाने वडिलांचं मत खोडलं, तेही कारणं देऊन, खुल्या न्यायालयात. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

ही सगळी कारणं आपल्यालाही वाचता येतात. जानेवारी २०२३पासून सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं ‘ई-एससीआर’वर विनामूल्य मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही झाले आहेत. अधिकृत भाषा इंग्रजीच आहे, त्यामुळे एखाद्या शब्दावर अडलात तर मूळ मजकूर पाहावा. निकालपत्रातलं प्रत्येक वाक्य बंधनकारक नसतं, हेही ध्यानात ठेवावं. ज्या तत्त्वाच्या आधारावर खटल्याचा निर्णय लागला, ते तत्त्व पुढच्या खटल्यांना बांधतं. ओघात मांडलेली इतर मतं तशी बांधत नाहीत.

पुढच्या वेळी मोठा निकाल लागेल तेव्हा निकालपत्र जरूर उघडा आणि तीन गोष्टी शोधा : पीठ किती जणांचं होतं, निर्णय कोणत्या कारणावर उभा आहे आणि वेगळं मत कुणी लिहिलंय. ते वेगळं मत शेवटपर्यंत वाचा.