हलाल डिमसम : दहा जणांचे टेबल आणि एका माणसाचा शब्द

चिनी जेवण म्हटले की आपल्याकडे हाका नूडल्स, मंचुरियन आणि लाल चटणी डोळ्यांपुढे येते. अलीकडे मोमोच्या गाड्याही गल्लोगल्ली दिसू लागल्या आहेत. पण दक्षिण चीनमध्ये, विशेषतः हाँगकाँगमध्ये, डंपलिंगचे दुपारचे जेवण हा निराळाच व्यवहार आहे. व्यवहार हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. हे जेवण एकटादुकटा माणूस सहसा खात नाही. खवय्यांची मंडळी ठरवून जमतात आणि दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते ते एका माणसाचे नव्हे, तर अख्ख्या टेबलाचे. हलाल खाणाऱ्यांचा आणि हलाल विकणाऱ्यांचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. तो व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावा, हा या लेखाचा हेतू.

एका टेबलाचा हिशेब

या जेवणाला तिकडे ‘याम चा’ म्हणतात. शब्दशः अर्थ चहा पिणे. चहाबरोबर जे छोटे छोटे पदार्थ येतात ते डिमसम. गोल टेबल, मध्यभागी फिरती तबकडी, भोवती आठ, दहा किंवा बारा माणसे. बसताच चहाची किटली येते आणि चहाचा आकार माणशी लावला जातो. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवायचे, नोकर न सांगता पाणी भरून देतो. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, तेच आभार.

पदार्थ बांबूच्या लहान टोपल्यांतून वाफाळत येतात. एका टोपलीत साधारण तीन किंवा चार नग. किमतीच्या लहान, मध्यम, मोठा आणि खास अशा प्रती ठरलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या दुकानात टेबलावरच्या कार्डावर त्या त्या रकान्यात शिक्का मारतात आणि शेवटी शिक्के मोजून बिल होते.

आता हिशेब पाहा. एकटा माणूस तीन टोपल्यांत तृप्त होतो, म्हणजे त्याला तीनच पदार्थ चाखता येतात. आठ जण बसले तर वीस पदार्थ सहज चाखून होतात. म्हणूनच खवय्ये गट करून येतात. दुकानदाराच्या दृष्टीने प्रत्येक टोपली स्वस्त असते, पण टेबलाचे बिल भरघोस होते.

एकाचा शब्द दहा जणांना वळवतो

आता समजा, त्या दहा जणांत एक मुसलमान आहे. हाँगकाँगच्या नेहमीच्या डिमसममध्ये डुकराचे मांस सर्वत्र असते. त्या एकाने काय करावे? चहा पीत बसावे, की घरी राहावे? मंडळींना तो हवा असेल तर एकच मार्ग उरतो : सगळ्यांनीच हलाल दुकानात जायचे. बाकी नऊ जणांना हलाल खाण्यात अडचण नसते, त्या एकाला मात्र दुसरीकडे खाण्यात असते. त्यामुळे हलाल दुकानात एका गिऱ्हाइकामागे दहा येतात. मात्र एक अट आहे. त्या नऊ जणांनाही जेवण आवडले पाहिजे. नाही तर पुढच्या वेळी त्या दहाव्यालाच आमंत्रण येणार नाही.

हे कोरडे तर्कट नव्हे. हाँगकाँगच्या वान चाय भागात ऑई क्वान रोडवर अम्मार मशीद आणि उस्मान रामजू सादिक इस्लामी केंद्राची आठ मजली इमारत आहे. ती १९८१ साली उघडली. तिच्या पाचव्या मजल्यावरच्या उपाहारगृहात दुपारी हलाल डिमसम मिळते आणि ते खायला मुसलमानांबरोबर इतर खवय्येही येतात. डुकराच्या मांसाच्या जागी तेथे कोंबडी, मोठ्याचे मांस आणि कोळंबी वापरली जाते. हाँगकाँगमध्ये सुमारे ३ लाख मुसलमान राहतात. त्यांत इंडोनेशियातून घरकामासाठी आलेल्या महिला सर्वांत जास्त, शिवाय चिनी, पाकिस्तानी आणि भारतीयही आहेत. आपल्या मुंबईचा धागाही तेथे सापडतो. शेली स्ट्रीटवरची जामिया मशीद १९१५ साली आजच्या रूपात बांधली गेली ती मुंबईचे व्यापारी हाजी मोहम्मद इसाक इलियास यांच्या देणगीतून.

हलाल डंपलिंग ही काही हाँगकाँगची नवी टूम नाही. चीनमध्ये हुई नावाचा मुस्लिम समाज १ कोटीहून अधिक आहे. त्यांच्या खानावळींच्या पाटीवर ‘छिंगचन’ ही अक्षरे असतात. अर्थ शुद्ध आणि खरे, म्हणजेच हलाल. शिआन शहराच्या मुस्लिम मोहल्ल्यात मोठ्याच्या आणि बकऱ्याच्या मांसाचे रसदार बाओ प्रसिद्ध आहेत. ते दुसऱ्याची नक्कल म्हणून नव्हे, त्या शहराचा मानाचा पदार्थ म्हणून खाल्ले जातात.

हराम कोठे कोठे लपते

सारणातले मांस बदलले म्हणजे डंपलिंग हलाल झाले, असा समज असेल तर तो सोडावा. तीन जागा नीट तपासाव्या लागतात.

पहिली, चरबी. कोळंबीच्या ‘हा गाउ’ या पदार्थात मांस दिसत नाही. पण परंपरेने त्याच्या सारणात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे आणि पारीच्या पिठातही थोडी चरबी घालतात. हलाल कारागीर तेथे तेल वापरतो.

दुसरी, मद्य. मांसाचा वास मारण्यासाठी चिनी आचारी तांदळाची दारू वापरतो. तिच्याऐवजी आले, पातीचा कांदा आणि पांढरी मिरी यांनी काम भागते. तयार सॉस घेताना बाटलीवरचे घटक वाचलेच पाहिजेत.

तिसरी, जिलेटिन. शियाओलोंगबाओ नावाच्या डंपलिंगमध्ये चावताच गरम रस्सा येतो. रस्सा आत भरतात कसा? तो आधी थंड करून जेलीसारखा घट्ट करतात, सारणात मिसळतात आणि वाफेवर तो पुन्हा पातळ होतो. नेहमीच्या दुकानात ही जेली डुकराच्या कातडीपासून होते. हलाल दुकानात हलाल जनावराची हाडे किंवा कोंबडीचे पाय तासन्‌तास उकळून तीच जेली मिळवता येते. वेळ जास्त लागतो, पण चव उणी पडत नाही.

चरबी गेली की सारण कोरडे होण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणजे कोंबडीच्या छातीऐवजी मांडीचे मांस घेणे, थोडे तेल व स्टार्च घालणे आणि सारण चिकट होईपर्यंत एकाच दिशेने फेटणे. नऊ जणांना दुकान आवडते की नाही, ते येथेच ठरते.

पारी ही खरी पुंजी

कोकणात उकडीचे मोदक वळणाऱ्या हातांना हे काम परके वाटणार नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढतात, तसेच हा गाउचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. फरक पिठात आहे. ते गव्हाचे नुसते सत्त्व असते. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, तो सुकवून पूड केल्यासारखे. त्यात थोडे टॅपिओका स्टार्च मिसळतात, म्हणून वाफवल्यावर पारी काचेसारखी आरपार दिसते. लाटणे न वापरता तेल लावलेल्या रुंद, बोथट सुऱ्याने गोळी दाबून फिरवतात आणि पातळ चकती तयार होते. तिला सात ते दहा किंवा जास्त चुण्या पाडणारा कारागीर चांगला मानला जातो.

टोपलीही उगीच बांबूची नसते. धातूच्या झाकणाला साचलेले पाणी थेंबाथेंबाने पदार्थावर पडून पारी चिकट होते. बांबू वाफ शोषून घेतो.

तेल विकणाऱ्या दुकानाचे काय झाले

तैवानमधील ‘दिन ताई फंग’ हे नाव आज जगभर शाखा असलेल्या डंपलिंग उपाहारगृहांचे आहे. पण १९५८ साली यांग बिंगयी यांनी हे दुकान काढले ते खाद्यतेल विकण्यासाठी. पुढे डबाबंद तेल बाजारात आले आणि सुट्या तेलाचे गिऱ्हाईक आटले. त्यांनी अर्ध्या दुकानात वाफेची भट्टी लावली आणि १९७२ च्या सुमारास ते पुरते डंपलिंगकडे वळले. पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, चुण्या १८, असे तेथील माप ठरलेले आहे. १९९६ साली त्यांची शाखा टोकियोत उघडली. त्यांचा मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. पण त्यांची शिस्त कोणत्याही धंद्याच्या कामाची आहे. सुटे तेल, सुटा मसाला विकणाऱ्या आपल्या कितीतरी दुकानांवर तीच वेळ आली आहे.

आपल्याकडे करायचे तर

हा गाउपासून सुरुवात करू नये. तो हात बसायला फार काळ लागतो. मैद्याच्या पारीची उत्तर चिनी च्याओत्झ किंवा मोमो सोपे. कच्चेच गोठवून ठेवता येतात, हवे तेव्हा वाफवता येतात. घरी बसून काम करणाऱ्या बहिणींना चुण्या पाडण्याचे काम नगावर देता येईल. पण वजन आणि चुण्या पहिल्या दिवसापासून ठरवून द्याव्यात आणि मजुरीही चोख द्यावी. अन्नपरवाना घ्यावा, मांस कोणाकडून येते त्याची पावती जपावी आणि सॉसच्या बाटल्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा ठेवाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बसण्याची जागा. दोघांची चार टेबले मांडण्यापेक्षा आठ जणांचे एक मांडून पाहावे. कचेरीतली मंडळी, कॉलेजचे मित्र, शेजारचे कुटुंब कोठे जेवायचे हे ठरवत असतील, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने तुमच्या दुकानाचे नाव सुचवावे आणि बाकीच्यांनी लगेच होकार द्यावा, एवढी चव आणि एवढा भरवसा हवा. पाटीवरचा हलाल शब्द त्या एकाला आणील. बाकीच्यांना पुन्हा आणण्याचे काम पारी आणि सारणाचे आहे.