विश्लेषण : न बोलता जगाशी संपर्क! हॅम रेडिओतील ‘एफटी८’वरून दोन तट का पडले?

हॅम रेडिओ म्हटले की मायक्रोफोन हातात धरून ‘सीक्यू, सीक्यू’ असा पुकारा करणारा, नाही तर मोर्सची कळ टकटकवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आज १४.०७४ मेगाहर्ट्झवर रेडिओ लावला तर मात्र एकही शब्द ऐकू येत नाही. एकमेकींत मिसळलेल्या शिट्ट्यांचा आवाज येतो, तो क्षणभर थांबतो आणि दर १५ सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. या शिट्ट्यांमधून एकाच वेळी कित्येक देशांतले हौशी रेडिओ ऑपरेटर संपर्क साधत असतात. या पद्धतीचे नाव ‘एफटी८’. ती २०१७ मध्ये आली आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच जगभरच्या हॅम मंडळींची सर्वाधिक वापरातली डिजिटल पद्धत झाली. काहींच्या मते तिने हा छंद वाचवला, तर काहींच्या मते त्यातला माणूसच बाजूला सारला.

एफटी८ म्हणजे नेमके काय?

ही रेडिओ, संगणक आणि घड्याळ यांच्या मेळावर चालणारी पद्धत आहे. संगणक छोटासा संदेश आठ वेगवेगळ्या सुरांत बदलतो आणि रेडिओ ते सूर हवेत सोडतो. एक संदेश १२.६४ सेकंद चालतो. उरलेल्या वेळात समोरच्याचा संगणक उलगडा करतो आणि पुढच्या १५ सेकंदांच्या खिडकीत उत्तर येते. दोन्हीकडची घड्याळे सुमारे एका सेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात, अन्यथा समोर सिग्नल दिसत असूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची पहिली अडचण बहुतेक वेळा अँटेनाची नसते, संगणकाच्या चुकलेल्या घड्याळाची असते.

संदेशाचा साचा ठरलेला असतो. आधी ‘कोणी आहे का’ असा पुकारा, मग दोघांची कॉल साइन, ठिकाणाचा चार अक्षर-अंकी संकेत, सिग्नल किती दमदार आला याचा आकडा आणि शेवटी ‘७३’, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा. ठिकाणासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत. पुण्याचा चौकोन ‘एमके६८’, नागपूरचा ‘एमएल९१’. पूर्ण संपर्क साधारण दीड मिनिटात आटोपतो. त्यात हवापाणी, घरदार, तब्येत यांची चौकशी नसते. त्याला जागाच नसते.

खरखरीखाली दडलेला संदेश वाचता कसा येतो?

याचे मर्म काटकसरीत आहे. अख्खा संदेश ७७ बिटांत बसवलेला असतो. प्रत्येक कॉल साइनला २८ बिट, ठिकाण किंवा सिग्नलच्या आकड्याला १५ आणि उरलेले खुणांसाठी. त्यात चूक ओळखणारे १४ बिट आणि चूक दुरुस्त करणारे ८३ बिट मिळवून १७४ बिट पाठवले जातात. म्हणजे मूळ मजकुरापेक्षा त्याच्या रक्षणाचा लवाजमा मोठा. वाटेत काही भाग खरखरीत बुडाला तरी उरलेल्यावरून गणिताने तो परत मिळवता येतो.

कानाने बोलणे नीट समजायला सिग्नल खरखरीच्या साधारण दहापट असावा लागतो. सरावलेला कान मोर्स त्याहून बऱ्याच क्षीण पातळीवर टिपतो. एफटी८ मात्र उणे २१ डेसिबलपर्यंत उतरते. म्हणजे खरखर सिग्नलच्या सव्वाशे पट असली तरी संदेश वाचता येतो. कागदावरच्या ढोबळ हिशेबाने, बोलण्यासाठी जिथे १०० वॉट लागतील तिथे या पद्धतीला एका वॉटचा दहावा हिस्साही पुरेसा ठरतो.

या ‘सव्वाशे पट’मध्ये थोडी हिशेबाची चलाखीही आहे. ही खरखर २,५०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात मोजलेली असते, तर एफटी८चा सिग्नल फक्त ५० हर्ट्झ जागा घेतो. तेवढ्याच अरुंद पट्टीत मोजले तर खरखर सिग्नलच्या अडीच पट भरते. कामगिरी तरीही थक्क करणारीच आहे, मात्र तिचे श्रेय अरुंद पट्टी आणि चूक दुरुस्तीचे गणित या दोघांना विभागून द्यावे लागते.

हे कोणी तयार केले?

एफटी८मधील ‘एफ’ म्हणजे इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक स्टीव्ह फ्रँक आणि ‘टी’ म्हणजे जो टेलर. हे टेलर म्हणजे प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर. रसेल हल्स यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये जोड-पल्सार शोधला आणि १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. पल्सारचे क्षीण ठोके खरखरीतून वेचणाऱ्या या शास्त्रज्ञाने तीच दृष्टी आपल्या छंदाला लावली.

२००१ पासून त्यांनी अशा पद्धतींचे मोफत सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली. ‘जेटी६५’ ही त्यातली गाजलेली पद्धत. चंद्रावर रेडिओ लहरी आदळवून त्यांचा प्रतिध्वनी पृथ्वीवर पकडण्यासाठी ती होती. हा येण्याजाण्याचा पल्ला साडेसात लाख किलोमीटरहून अधिक. पूर्वी त्यासाठी अंगणभर अँटेनांची रांग लागे, आता एखाद्या बऱ्यापैकी अँटेनावरही काम भागू लागले. मात्र जेटी६५चा प्रत्येक संदेश जवळपास मिनिटभराचा. ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दूरचा मार्ग कधी कधी थोडाच वेळ खुला होतो आणि एवढ्या संथ पद्धतीला तो पुरत नाही. त्या अल्पकाळासाठी एफटी८ बेतले गेले. त्याची खरी गर्दी झाली ती भलत्याच, म्हणजे २० आणि ४० मीटरसारख्या जुन्या पट्ट्यांवर.

लोकप्रियता इतक्या झपाट्याने का वाढली?

एक कारण सूर्य. पृथ्वीवरचा दूर पल्ल्याचा रेडिओ संपर्क आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर अवलंबून असतो आणि तो थर सौरडागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रासोबत बळकट-दुबळा होतो. २०१७ मध्ये हे चक्र उताराला लागले होते आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते तळाला गेले. बोलून संपर्क होईना, त्या काळात एफटी८वर जग ऐकू येत होते.

दुसरे कारण शहर. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर अँटेना उभारायला परवानगी मिळवणे हे परीक्षा देऊन परवाना मिळवण्याहून अवघड वाटावे अशी स्थिती असते. त्यात एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर. बाल्कनीत बांधलेल्या तारेवर अमेरिकेशी गप्पा मारणे अशा ठिकाणी जवळपास अशक्य. एफटी८वर मात्र तीच तार चालून जाते. इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्यांची, ऐकू कमी येणाऱ्यांची आणि मोर्स न येणाऱ्यांचीही सोय झाली. जपानमधला आणि ब्राझीलमधला हॅम एकमेकांची भाषा न जाणता संपर्क पूर्ण करू शकतात.

‘डीएक्ससीसी’ हा ठरावीक देश-प्रदेशांशी संपर्काचा अमेरिकेतील एआरआरएल या संघटनेचा मानाचा पुरस्कार. त्याच्या यादीत ३४० देश-प्रदेश आहेत. ज्यांची यादी वर्षानुवर्षे अडली होती, त्यांच्या खात्यात भराभर नवे देश जमा होऊ लागले. येथूनच वादाला तोंड फुटले.

मग आक्षेप कशावर?

‘हा संपर्क माणसांचा की संगणकांचा?’ हा पहिला प्रश्न. पुकाऱ्यावर एकदा क्लिक केले की पुढची देवघेव सॉफ्टवेअर स्वतःच पार पाडते. मूळ सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी माणसाशिवाय चालणारे केंद्र होऊ नये म्हणून मुद्दाम अटकाव ठेवला आहे. पण ते मुक्तस्रोत असल्याने त्यात फेरफार करून रात्रभर आपोआप संपर्क जमवणारे ‘रोबो’ निघालेच. एआरआरएलच्या नियमानुसार डीएक्ससीसीसाठी दोन्ही बाजूंना माणसाने संपर्क प्रत्यक्ष सुरू केलेला असावा लागतो. पण कोणाच्या खुर्चीत माणूस होता आणि कोणाची रिकामी होती, हे हवेतल्या शिट्टीवरून कसे ओळखणार?

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि तितकाच टोकदार आहे. सॉफ्टवेअरला अपेक्षित संदेश आधीच ठाऊक असेल, उदाहरणार्थ तुमचीच कॉल साइन आणि ज्याला उत्तर दिले त्याची, तर ते या माहितीच्या आधारे आणखी क्षीण सिग्नल उलगडते. मग समोरून खरोखर किती आले आणि संगणकाने किती अंदाजाने भरले? हा वाद जुना आहे. जेटी६५मध्ये ठाऊक असलेल्या कॉल साइनच्या यादीशी ताडून पाहण्याची सोय होती, तेव्हाही चंद्रमार्गी संपर्काच्या जुन्या खेळाडूंनी यावरून आवाज उठवला होता. कर्त्यांनी ही सोय लपवलेली नाही आणि असे उलगडे पडद्यावर वेगळ्या खुणेने दाखवले जातात. तरी कधीमधी अस्तित्वात नसलेली कॉल साइन पडद्यावर अवतरतेच.

शिष्टाचाराचा मुद्दा वेगळा. सगळे जण एका पट्ट्यात जेमतेम तीन किलोहर्ट्झच्या खिडकीत दाटीवाटीने बसलेले असतात. संगणकाचा आवाज गरजेपेक्षा मोठा ठेवला की सिग्नल विकृत होऊन शेजाऱ्यांच्या जागेत पसरतो. अनेक जण ‘क्षीण सिग्नल’ पद्धतीवर शेकडो वॉट ओततात, हाही विरोधाभासच. शिवाय बोलताना रेडिओला श्वास घ्यायला उसंत मिळते, इथे मात्र तो १२.६४ सेकंद अखंड जोर लावतो. पूर्ण ताकदीवर ठेवलेले संच तापून निकामी होऊ शकतात. त्यामुळे ताकद निम्म्यावर ठेवण्याचा सल्ला जाणकार देतात.

टीकाकारांची खरी खंत मात्र नियमांपलीकडची आहे. सगळे एफटी८च्या खिडकीत गेले की बोलण्याचा आणि मोर्सचा पट्टा ओस वाटतो. लोक ऐकतात पण पुकारत नाहीत, आणि मग ‘पट्टा बंद आहे’ असे म्हणून पडद्याकडे वळतात. तो बंद नसतो, त्यावर कोणी बोलत नसते. समर्थकांचे उत्तर असे, की ज्यांना घरातून बोलणे शक्यच नव्हते ते एफटी८मुळे छंदात टिकले, त्यांनी जुन्या मंडळींची जागा हिरावलेली नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. फक्त दुसरे शहरात राहणाऱ्यांना अधिक पटते.

आपत्तीच्या वेळी ही पद्धत कितपत उपयोगी?

भारतात हॅम रेडिओची ओळख सामान्यांना झाली ती संकटांतून. किल्लारीच्या १९९३ मधील भूकंपात हॅम ऑपरेटरांनी संदेश पोहोचवले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्येच होते. छंदाची मोहीम बाजूला ठेवून ते पथक अंदमान-निकोबारमधील बाधितांच्या खबरा मुख्य भूमीकडे पोहोचवू लागले. हे काम बोलूनच झाले.

एफटी८वर असे काम जवळपास होऊ शकत नाही. मुक्त मजकुरासाठी एका संदेशात फक्त १३ अक्षरे, मोकळ्या जागा धरून. १६० अक्षरांचा एक एसएमएस पाठवायचा तर १३ संदेश लागतील आणि एकाआड एक खिडकी मिळत असल्याने त्याला सहा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. नावे, पत्ते, औषधांची यादी अशी पाठवणे व्यवहार्य नाही. हीच उणीव हेरून एफटी८च्या पायावर ‘जेएस८कॉल’ ही टंकलेखनाने गप्पा मारता येणारी पद्धत निघाली. ती संथ आहे, पण तिच्यावर वाक्य पाठवता येते. मात्र आपत्तीत दुसऱ्या टोकाला ती वापरणारा माणूस असावा लागतो आणि एफटी८च्या तुलनेत अशांची संख्या फारच थोडी आहे. एफटी८वर हजारो संपर्क नोंदवलेला, पण गर्दीच्या पट्ट्यावर तोंडी संदेश बिनचूक लिहून घेण्याचा सराव नसलेला ऑपरेटर पूरग्रस्त तालुक्यात किती कामाला येईल, ही शंका म्हणूनच रास्त ठरते.

मग या पद्धतींचे बलस्थान कोणते?

मार्ग मोजण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. टेलर यांचीच ‘व्हिस्पर’ ही २००८ मधील पद्धत तर संपर्कासाठी नाहीच. त्यात कॉल साइन, ठिकाण आणि ताकद एवढेच, जवळपास दोन मिनिटांच्या संथ संदेशात पाठवले जाते आणि कोणी कुठे ऐकले ते इंटरनेटवर जमा होते. २०० मिलिवॉटवर, म्हणजे खिशातल्या टॉर्चपेक्षा कमी ताकदीवर, ऑस्ट्रेलियातून युरोपपर्यंत सिग्नल पोहोचल्याच्या नोंदी होतात. हॅम मंडळींच्या अशा नोंदींचा साठा आयनांबराचे अभ्यासक सूर्यग्रहणाच्या परिणामांसाठी वापरू लागले आहेत. बाल्कनीतल्या तारेने आज कोणत्या दिशेला वाट मिळते, हे पाहायलाही हीच पद्धत सोपी.

व्हिस्परचे चिमुकले ट्रान्समीटर बांधलेले हौशी फुगे पृथ्वीप्रदक्षिणाही करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनडाच्या युकॉनवर अमेरिकी लढाऊ विमानाने पाडलेली अज्ञात वस्तू इलिनॉयमधील हौशी गटाचा असाच फुगा असावा, अशी चर्चा रंगली होती. ते सिद्ध मात्र झालेले नाही. याच नोंदींवरून २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन एअरलाइन्सच्या एमएच३७० विमानाचा मार्ग शोधल्याचा दावाही गाजला. विमानावरून परावर्तित झालेल्या लहरींनी या नोंदींत खुणा सोडल्या, असे त्यामागचे म्हणणे. व्हिस्परचे जनक टेलर यांनी मात्र जुन्या नोंदींतून विमानाचा माग काढण्याची ही कल्पना साफ अमान्य केली आहे.