शिकागोहून पत्र : घराण्यातला बीपी

शिकागोच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर मेवूड नावाचं गाव आहे, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं. हिंगोलीला फोनवर बोलताना इथल्या लोकांच्या बीपीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं : “त्यांच्या रक्तातच आहे ते.” आणि लगेच पुढे, “आपल्याही घराण्यातच आहे. आबांना होता, काकांना होता, आता मला.” हे ऐकलं की मला राग येतो, कारण या ‘रक्तातच आहे’ची नीट मोजणी याच मेवूडमध्ये झालेली आहे.

इथल्या लोयोला विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दहा हजारांवर लोकांचा रक्तदाब मोजला. नायजेरिया आणि कॅमेरूनमध्ये, जमैका, सेंट लुशिया, बार्बाडोस या बेटांवर, आणि मेवूडमध्ये. सगळे पश्चिम आफ्रिकी वंशाचे. काहींचे पूर्वज गुलामांच्या जहाजांतून बेटांवर आणि अमेरिकेत नेले गेले, काहींचे गावीच राहिले. १९९७ साली आकडे छापून आले. उच्च रक्तदाब आफ्रिकेत १६ टक्के, बेटांवर २६, अमेरिकेत ३३. नायजेरियाच्या खेड्यांत तर ७ टक्क्यांच्या आसपास. पुढे त्यांनीच २००५ साली गोऱ्यांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा जर्मनीतले गोरे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्याही पुढे निघाले.

जनुकांचा वाटा नाहीच, असं नव्हे. आईवडिलांना असेल तर मुलांना धोका जास्त, मग वंश कुठलाही असो. एपीओएल-१ या जनुकाचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशात आढळतात. तिकडच्या निद्रारोगापासून ते वाचवतात, पण दोन्ही पालकांकडून आले तर मूत्रपिंड बिघडण्याचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंड बिघडलं की बीपी चढतो. हे २०१० साली उजेडात आलं. मात्र बीपीशी जोडलेल्या जागा जनुकांत शेकड्यांनी सापडल्या आहेत आणि बहुतेकींचा परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. गुलामांच्या जहाजावर ज्यांच्या शरीरात मीठ टिकलं तेच जगले आणि तोच गुण वंशजांत उतरला, ही कथा इथेही लोक सांगतात. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ सालीच दाखवून दिलं होतं, की तिला कागदपत्रांत आधार नाही.

मग बीपी चढतो कशाने? माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय बाईंनी शाळेची बस चालवली आणि संध्याकाळी दुसरी नोकरी केली. भाड्याची धास्ती कायम. दुकानात शिरलं की पाळत ठेवली जाते, हेही जन्मभर सोसलं. घराजवळच्या दुकानात भाजी कोमेजलेली, डबाबंद सूप मात्र भिंतभर. त्या डबा फिरवून, चष्मा लावून आकडा वाचतात : एका वाटीला ८९० मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत रहा म्हणते. आकडा वाचूनही त्या डबा घेतात, कारण ताजी भाजी दोन बस बदलून आणावी लागते.

आपल्याकडे मेथी, शेपू, चुका दारावर येतो. घरात ज्वारी आहे. तरी ताटात डावीकडे मीठ वाढल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, वर लोणचं, पापड, ठेचा, आणि चार वाजता चहाबरोबर फरसाण. २०२३ साली छापून आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातले ३५.५ टक्के प्रौढ उच्च रक्तदाबाचे निघाले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, पण मेवूडचे ३३ टक्के आठवावेत आणि मग ‘त्यांच्या रक्तात’ म्हणावं.

कळमनुरी तालुक्यातल्या माझ्या मामांचा बीपी गोळीने १३०वर आला आणि त्यांनी गोळी सोडली. “झाला की नॉर्मल. उगीच सवय लागते.” गोळी आहे म्हणूनच नॉर्मल आहे, हे त्यांच्याजवळ बसून कुणी समजावलं नाही.

मला अमेरिकेचा हेवा वाटतो तो इथेच. २०१८ साली डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांचा लॉस एंजलिसमधला प्रयोग प्रसिद्ध झाला : ५२ केस कापायची दुकानं, ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाईकं. औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन बीपी मोजत, डॉक्टरांशी ठरवून गोळी देत. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ने उतरला. ज्यांना न्हाव्याने नुसतं ‘डॉक्टरकडे जा’ म्हटलं, त्यांचा ९ने. माणूस जिथे निवांत मान टेकवतो, तिथेच औषध चालत आलं, हा फरक.

सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही सलूनमध्ये पुरुष तास तास बसतात, हळदीच्या भावापासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलतात. तिथे बीपीचं मशीन ठेवायला काय हरकत आहे? आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळते. आशाताई घरी येतात, तेव्हा हे पुरुष शेतात किंवा चौकात असतात. जिल्हा परिषदेने हे मनावर घ्यावं.

तोवर तुम्ही तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात जाऊन मोजून घ्या. आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या उंचीवर. आकडा वहीत लिहा. आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.