आधी नकाशा, होकायंत्र नंतर

शाळेबाहेरची शाळा : भाग ६

लहान मुलांना ओरिएंटियरिंग शिकवायचं ठरलं की उत्साही शिक्षक सर्वांत आधी होकायंत्रं मागवतात. हलणारी लाल सुई मुलांना आवडतेही. पण हा खेळ ज्या देशाच्या शालेय वेळापत्रकात पक्का बसला आहे, त्या स्वीडनमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांची सुरुवात होते ती नकाशापासून. तो नकाशाही रानाचा नसतो, त्यांच्याच वर्गाचा असतो.

खेळ तसा सोपा. रानात किंवा बागेत ठरावीक जागी नारिंगी-पांढऱ्या रंगाच्या, तीन बाजूंच्या कापडी खुणा टांगलेल्या असतात. त्यांना कंट्रोल म्हणतात. नकाशावर त्या जागांभोवती जांभळी वर्तुळं असतात, त्रिकोण म्हणजे सुरुवात आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. एकेक कंट्रोल क्रमानं गाठायचा, तिथल्या पंचिंग यंत्रानं कार्डावर खूण उमटवायची आणि पुढे निघायचं. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेनं जायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळी गंमत आणि सगळं शिक्षण तिथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या लष्करात हा सराव चाले. नागरिकांसाठी पहिली स्पर्धा झाली ती शेजारच्या नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ, ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी. पण खेळाला लोकांमध्ये नेलं ते एर्न्स्ट किलॅण्डर या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्यानं. हा गृहस्थ स्काउट चळवळीतलाही होता. तरुण मुलं मैदानी शर्यतींकडे पाठ फिरवताहेत, हे पाहून त्यानं त्यांना सरळ जंगलात पळवायचं ठरवलं. मार्च १९१९मध्ये स्टॉकहोमजवळ त्यानं भरवलेल्या स्पर्धेत दोनशेहून जास्त जण उतरले. १९४२मध्ये ओरिएंटियरिंग स्वीडनच्या शाळांमध्ये सक्तीचं झालं आणि आजही ते शारीरिक शिक्षणाचा भाग आहे. त्याच्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत. पहिली ते तिसरीत फक्त शाळेजवळचा परिसर आणि साधे नकाशे. चौथी ते सहावीतही परिसर जवळचाच, पण नकाशा आणि त्यातली चिन्हं वापरून. अनोळखी भाग येतो तो थेट सातवीपासून.

इतकं हळू का? कारण नकाशा वाचणं मोठ्यांना वाटतं तितकं उघड नसतं. अमेरिकेत लिन लिबेन आणि रॉजर डाउन्स या संशोधकांनी लहान मुलांना नकाशे दाखवून प्रश्न विचारले, तेव्हा मजेशीर उत्तरं आली. एका मुलाच्या मते नकाशावरची रेघ रस्ता असूच शकत नव्हती, कारण तिच्यावर दोन गाड्या मावल्या नसत्या. रस्ता लाल रेघेनं दाखवला असेल तर तो प्रत्यक्षातही लालच असणार, असं काही मुलांनी गृहीत धरलं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ओरिएंटियरिंगच्या नकाशात तर सहज पळता येईल असं जंगल पांढरं छापतात, मोकळी जागा पिवळी असते आणि झाडी जितकी गचपण तितका हिरवा रंग गडद. आपल्या शाळांच्या भिंतींवरच्या प्राकृतिक नकाशात हिरवा रंग सखल प्रदेशाचा असतो, झाडांचा नव्हे. मुलाला हे कोणीतरी, कधीतरी, दाखवून द्यावं लागतं.

दाखवून देण्याची उत्तम जागा म्हणजे वर्ग. बाकं, फळा, दार, खिडक्या एवढाच नकाशा फळ्यावर काढायचा, मुलांना तो उतरवून घ्यायला लावायचा. मग एका बाकाखाली खडू ठेवायचा आणि नकाशावर त्या जागी फुली मारायची. खडू सापडला की पहिला धडा झाला. दुसरा धडा खरा अवघड. मूल खोलीत वळलं की नकाशाही त्याच्याबरोबर वळतो आणि कागदावरचा फळा भलत्याच भिंतीला जाऊन बसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच सवय लावायची : आपण वळलो की कागद हातात उलट फिरवायचा, म्हणजे कागदावरचा फळा खऱ्या फळ्याकडेच राहतो. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. नेमकं हेच मुलांना पटत नाही, कारण पुस्तक सरळ धरायला त्यांना शाळेनंच शिकवलेलं असतं! याच्या जोडीला दुसरी सवय अंगठ्याची. आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवायचा आणि चालू तसा तो पुढे सरकवायचा. जागतिक स्पर्धांतले धावपटूही हेच करतात.

या दोन सवयी जमल्या की प्राथमिक वयात होकायंत्रावाचून काही अडत नाही. कारण नकाशा जुळवायला भिंत, रस्ता, पाण्याची टाकी पुरते. सुई लागते ती अशी कुठलीच खूण दिसत नसेल तेव्हा, आणि तिथे आठ वर्षांच्या मुलाला नेण्याचं कारण नाही.

महाराष्ट्रात अडचण वेगळीच आहे. इथे तिसरीत जिल्ह्याचा भूगोल शिकवण्याची जुनी परंपरा आहे. मुलाच्या हाती येणारा पहिला नकाशा बहुधा जिल्ह्याचाच. त्यावर बोटभर अंतर म्हणजे कित्येक किलोमीटर, पायांनी पडताळून पाहणं अशक्य. भारतीय सर्वेक्षण विभागाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा घेतला, तरी शंभर मीटरचं मैदान त्यावर दोन मिलिमीटर होतं. मुलांना हवा एकास हजाराचा नकाशा. त्यात तेच मैदान दहा सेंटिमीटरचं होतं. ध्वजस्तंभ, हातपंप, पोषण आहाराची खोली, वडाचा पार, सगळं त्यात मावतं. असा नकाशा बाजारात मिळत नाही, तो शिक्षकांनीच करायचा.

सहलीला निघण्याआधी मैदानावर एक प्रकार पक्का व्हावा. एक मूल किंवा दोघांची जोडी एकाच कंट्रोलकडे जाते, खूण घेऊन शिक्षकांकडे परत येते आणि मग दुसऱ्या दिशेच्या कंट्रोलकडे सुटते. सगळ्या वाटा मधल्या बिंदूला येऊन मिळतात, म्हणून याला तारा-सराव म्हणतात. याचा मोठा फायदा असा, की कोण कुठे गेलंय आणि कोणाला उशीर झालाय, हे शिक्षकांना सतत कळतं. मूल चुकलं तरी मिनिटा-दोन मिनिटांचंच चुकतं. शाळेच्या वाटेवरचंसुद्धा हे छोटं चुकणं मुलांच्या वाट्याला फारसं उरलेलं नाही. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीनुसार इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात होती, १९९०पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं.

मग सहल. स्वीडनमध्ये रानात फिरण्याचा हक्क सर्वांना आहे आणि १९९४पासून तो राज्यघटनेतही नोंदलेला आहे. आपल्याकडे तसं नाही. वनक्षेत्र असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यायला हवी. पहिल्या सहलीला डोंगरदऱ्या नकोतच. पुण्यात तळजाईसारखी, पायवाटा असलेली टेकडी किंवा गावाजवळची मोठी बाग पुरे. जागा निवडताना एकच कसोटी लावावी : चारही बाजूंना चुकवता न येणारी हद्द आहे का? रस्ता, भिंत, कालवा, कुंपण, काहीही चालेल. ‘हरवलास तर हद्दीपर्यंत चालत जा आणि तिथे थांब’ ही सूचना मुलाला पाळता आली पाहिजे. कालवा भरून वाहत असेल तर मात्र ती जागा बाद. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, जोडीशिवाय कोणी नाही आणि आग्या मोहोळ कुठे आहे, हे आदल्या दिवशी पाहून ठेवलेलं. पावसाळ्यानंतर गवत उंच आणि सापांची भीती जास्त, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा.

दिशा शिकवताना परदेशी पुस्तकांतली एक युक्ती जपून वापरावी. भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते, असं त्यांत लिहिलेलं असतं. युरोपात ते बाराही महिने खरं आहे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीला उत्तरेकडे असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. शिवाय पुण्यातली माध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साधारण बारा पस्तीसच्या आगेमागे होते. हिवाळी सहलीत मात्र ही युक्ती चोख चालते. मुलांनी काठी रोवून सर्वांत आखूड सावली स्वतः शोधावी.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या आवाराचा नकाशा पावलांनी मोजून कसा काढायचा, ते पाहू. तोवर शिक्षकांनी एक काम करून ठेवावं. टेपनं मोजलेलं शंभर मीटर अंतर नेहमीच्या चालीनं चालावं आणि डावा पाय किती वेळा टेकला, ते लिहून ठेवावं. हा आकडा पुढच्या भागात लागेल.