मुलीला सी येतं, मग आता पायथन कशाला?



हल्ली गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीत शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं यांच्या जोडीला एक नवं कारण ऐकू येतं: ‘मुलीचा पायथनचा क्लास’. मग कुणीतरी विचारतं, ‘अगं, पोरगी दोन वर्षं कॉलेजात कम्प्युटरच शिकतेय ना? परत क्लास कशाला?’ आई गप्प बसते, कारण तिलाही ते नीट ठाऊक नसतं. घरी तर याच्या पुढचं बोललं जातं. शिकली एक आणि नोकरीला मागतात दुसरंच, म्हणजे पैसे पाण्यात गेले, आता स्थळं बघा. हे बोलणं मुलीच्या आयुष्यावर जातं, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो आम्ही.

कम्प्युटरला काम सांगायचं तर ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या खुणा वापरून सूचना लिहाव्या लागतात. या लिहिण्याच्या पद्धतीला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणतात. अशा भाषा पुष्कळ आहेत. माणसांना समजतील अशा इंग्रजी शब्दांत सूचना लिहिता याव्यात, म्हणून अमेरिकेत ग्रेस हॉपर या बाईंनी फार मोठं काम केलं. १९५९ साली आकाराला येऊ लागलेली कोबोल ही भाषा त्यांच्याच आधीच्या कामावर उभी राहिली. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘हे पोरींचं काम नाही’ असं अजून ऐकू येतं.

सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. मशीन आतून कसं चालतं ते तिच्यातून कळतं, म्हणून बऱ्याच कॉलेजांत ती आधी शिकवतात. पायथन १९९१ साली बाहेर आली. तिचं नाव सापावरून नाही, एका विनोदी इंग्रजी कार्यक्रमावरून ठेवलंय! तिच्यात कमी ओळींत काम होतं, म्हणून नोकरीच्या जाहिरातींत तिचं नाव सारखं दिसतं.

आता मुद्द्याचं. सी शिकलेली मुलगी पायथनकडे वळली, तर तिचं काय वाया जातं? फारसं काहीच नाही. आपल्या गटाचाच हिशोब घ्या. ‘हप्ता दहा तारखेनंतर आला तर दंड, नाहीतर नाही’, ही झाली अट. ‘हेच प्रत्येक सभासदासाठी कर’, हे झालं पुन्हा पुन्हा करायचं काम. ‘आधी बचत, मग व्याज, मग शिल्लक’, हा झाला क्रम. मोठं काम असं तुकड्यांत फोडायचं आणि चूक निघाली तर ती कुठल्या तुकड्यात आहे ते शोधायचं, यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ते भाषा बदलली तरी बदलत नाही. पायमशीनवर शिवणारी बाई मोटारीच्या मशीनवर बसली, तर चार दिवस पाय अडखळतो. पण माप घेणं आणि कापड बेतणं ती नव्याने थोडंच शिकते?

बदलतं ते वरवरचं. सीमध्ये सूचनेच्या शेवटी सेमीकोलन द्यायचा, सूचनांचा गट महिरपी कंसात बांधायचा, आणि कुठल्या खणात पूर्ण आकडा ठेवणार, कुठल्यात अपूर्णांक, हे आधी सांगायचं. पायथनमध्ये खण असा जाहीर करावा लागत नाही, आणि गट दाखवायला ओळी थोड्या आत सरकवून लिहायच्या. यात चुकलं तर मशीन बहुतेक वेळा लगेच अडवतं. अशा चुकांची भीती नाही, पंधरा दिवसांत सवय होते.

खरी फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शब्द तोच, म्हणून आपण बेसावध राहतो. भाषांचंही तसंच आहे. समजा, व्याजाचे १२५० रुपये १२ बायकांत वाटायचे आहेत. सीमध्ये दोन्ही आकडे पूर्ण म्हणून ठेवले आणि भागाकार केला, तर उत्तर येतं १०४. वरचे पैसे सी टाकून देते. १०४ गुणिले १२ म्हणजे १२४८. दोन रुपये गेले कुठे? मशीन चूक दाखवत नाही, कारण त्याच्या नियमाने ते बरोबरच आहे. पायथनमध्ये तोच भागाकार, तीच खूण, पण उत्तर १०४ रुपये १६ पैसे आणि वर थोडं. म्हणून जुनं येणाऱ्या मुलीने नव्या भाषेत ‘हे तर मला येतं’ वाटेल तिथेच थांबून एकदा करून बघावं.

दुसरी अडचण सवयीची. सीची मुलगी पायथनमध्ये हजेरी घेते ती अशी: एक नंबर कोण, दोन नंबर कोण, नंबर संपले का? पायथनमध्ये सरळ म्हणता येतं, ‘यादीतल्या प्रत्येकीला बोलव’. पहिल्या पद्धतीनेही काम होतं, पण मुलाखत घेणाऱ्याला कळतं की ही अजून सीच लिहितेय, फक्त पायथनच्या खुणांत. हे मोडायला नियम पाठ करून भागत नाही. चांगल्या लोकांनी लिहिलेलं वाचावं लागतं आणि रोज थोडं लिहावं लागतं.

उलटा प्रवास जास्त अवघड, हेही सांगून ठेवतो. आधी पायथन शिकून मग सीकडे येणाऱ्या मुलीला ‘सोपं जाईल’ म्हणू नका. दहा खणांच्या यादीत अकरावं नाव लिहायला गेलं की पायथन अडवते. सी अडवेलच असं नाही, ती शेजारच्या जागेत लिहून मोकळी होते, आणि गोंधळ भलतीकडेच दिसतो.

मग कर्ज द्यायचं का? आमचं मत असं, की लगेच नाही. पायथन स्वतः फुकट आहे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे धडे मोफत आहेत, त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर फी आहे. सी येणाऱ्या मुलीला पहिल्या पायऱ्यांसाठी एवढं पुरतं. मात्र कम्प्युटर लागतो. मोबाइलवर सुरुवात होते, पण लांबलचक लिहिताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये जादा वेळ मिळतो का ते आधी विचारा.

समजा फी १२,००० रुपये आहे, गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना आहे आणि मुद्दल वर्षाअखेरीला फेडायचं आहे. वर्षाचं व्याजच २,८८० रुपये झालं. तेव्हा मुलीने आधी महिनाभर घरी शिकावं, आणि गटाचा बचत-व्याजाचा हिशोब पायथनमध्ये करून बैठकीत दाखवावा. शिवाय सीमध्ये करून तोही दाखवावा, दोन रुपयांचा फरक सगळ्यांना दिसेल. एवढं करूनही ती पुढे अडत असेल, किंवा लिहिलेलं तपासून देणारं कुणीच नसेल, तर क्लासला पैसे द्यायला हरकत नाही. पण क्लासवाल्याला विचारा: प्रत्येकीला वेगळा कम्प्युटर आहे का? सी आलेल्या मुलींनाही पहिल्या धड्यापासूनच बसवणार का? मुलींनी लिहिलेलं कोण तपासतं? मध्येच सोडलं तर किती फी परत, हे लिहून देणार का? आणि फीचे हप्ते पाडून मिळत असतील, तर गटाचं कर्जही तसंच हप्त्याहप्त्याने उचला, म्हणजे न लागलेल्या पैशावर व्याज बसत नाही.