चार बोटं खाली

संपादकांना हवा होता सहलींचा लेख. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात लोक जुन्या फोक्सवॅगन कॅम्पर गाड्या समुद्रकाठी उभ्या करतात, गाडीतच चहा करतात, गाडीतच झोपतात. त्यावर दिवाळी अंकासाठी आठ पानं आणि रंगीत फोटो. ते सगळं मी पाहिलं. छानच आहे. पण मला जिच्यावर लिहावंसं वाटलं ती गाडी एका शेतवाडीतल्या वर्कशॉपमध्ये घोड्यांवर चढवलेली होती. मागची दोन्ही चाकं काढलेली, आणि साठी ओलांडलेला एक मेकॅनिक तिच्या पोटाखाली उताणा पडून एका पोलादी पट्टीचा कोन मोजत होता. आठातली बरीच पानं त्या पट्टीने खाल्ली.

गाडी १९७२ची. पुढे एकच रुंद, बाक असलेली काच, पाठीमागे हवेने थंड होणारं इंजिन, आत लाकडी कपाटं, गॅसची शेगडी, छोटं सिंक. मालक म्हणजे शाळेत शिकवणारं एक जोडपं. त्यांनी ती घेतली तेव्हाच ती ‘बसवलेली’ होती. आधीच्या कुणा हौशी माणसाने ती चांगली चार बोटं खाली आणली होती, आणि स्वस्तात आणली होती. उभी असताना रुबाबदार दिसायची. चालू लागली की प्रत्येक खड्ड्याला ठण्ण आवाज, कपाटातल्या बशा बाहेर, आणि वळणावर पुढचं टायर मडगार्डला घासून रबराचा वास. जोडप्याला ती पुन्हा उंच करायची नव्हती. दिसणं तसंच राहू दे, पण तिच्यात बसवेल अशी करून दे, एवढंच त्यांचं मागणं. मेकॅनिकच्या मते नवी गाडी बसवणं सोपं, दुसऱ्याने बसवलेली निस्तरणं कठीण.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात कामगारांनी सामान वाहायला बनवलेल्या सपाट गाड्या पाहिल्या आणि १९४७च्या एप्रिलमध्ये वहीत एका डब्याचं चित्र काढलं: ड्रायव्हर पुढच्या चाकांवर, इंजिन मागच्या चाकांवर, मधे माल. पहिला नमुना बीटलच्याच सांगाड्यावर केला, तो ओझ्याने टिकला नाही, म्हणून खाली नवी मजबूत चौकट आली. १९५०मध्ये उत्पादन सुरू झालं, १९५६पासून हॅनोवरला वेगळा कारखाना. त्याच वर्षी डेव्हनमधल्या सिडमथ गावी या गाड्यांत कपाटं बसवून कॅम्पर करायचं काम सुरू झालं. रुंद काचेचं दुसरं रूप १९६७चं. जर्मनीत ते १९७९पर्यंत आणि ब्राझीलमध्ये थेट २०१३च्या डिसेंबरपर्यंत निघत राहिलं. युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे गोव्याच्या हणजुण्याला उतरलेल्या हिप्पींच्या ताफ्यातही ही गाडी होतीच. आपला धागा आणखीही एक आहे. जर्मन टेम्पो कंपनीची १९४९ची मॅटाडोर सुरुवातीला फोक्सवॅगनच्याच इंजिनावर चालायची, आणि त्या घराण्यातली पुढची मॅटाडोर आकुर्डीच्या बजाज टेम्पोने महाराष्ट्रभर पोहोचवली.

सांगायचा मुद्दा, ही मूळची हमालाची गाडी. उंची तिला मुद्दाम दिलेली होती. १९६७पर्यंतच्या पहिल्या रूपात तर मागच्या प्रत्येक चाकाजवळ गियरची एकेक छोटी पेटी असे. ही युक्ती युद्धातल्या लष्करी फोक्सवॅगनवरून आलेली. त्या पेटीने दोन कामं व्हायची: दुबळ्या इंजिनाला चढावर जोर मिळायचा आणि गाडी उचलली जायची. गाडी खाली बसवायची म्हणून हौशी लोक या पेट्याच काढून टाकतात आणि बीटलचा गियरबॉक्स घालतात. गियरबॉक्स का बदलायचा, तर पेटीतल्या गियरमुळे फिरण्याची दिशा उलटी होते. मूळ गियरबॉक्स तसाच ठेवून नुसत्या पेट्या काढल्या तर हातात येते चार रिव्हर्स गियर आणि एक पुढचा असलेली गाडी. हे सांगताना मेकॅनिकला जे हसू फुटलं, त्यावरून अशी एखादी तरी त्याच्या दारात येऊन गेली असावी.

आता ती पट्टी. या गाडीला मागे ना पाटे, ना गुंडाळीच्या स्प्रिंगा. चेसीला आडवी एक नळी, तिच्यात डाव्या-उजव्या बाजूला एकेक गोल पोलादी दांडा. दांड्याचं आतलं टोक नळीच्या मध्यावर घट्ट धरलेलं, बाहेरचं टोक एका लांब पट्टीत, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी चाकाचा हात. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो, आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. धुणं पिळताना हाताला जो प्रतिकार लागतो, त्यावर इथे टनाहून जड गाडी तरंगते. ना तेल लागतं, ना करकर. जुन्या मेकॅनिकांचा या दांड्यांवर जीव का असतो, ते पाहिल्यावर कळतं.

दांड्याच्या दोन्ही टोकांना बारीक दाते कापलेले असतात, आणि खरी गंमत त्या दात्यांत आहे. हिशोब त्याने मला बीटलवरून समजावला, कारण तो त्याला तोंडपाठ होता. बीटलच्या दांड्याला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर नऊ अंशांचा फरक. बाहेरचा एक सरकवला तर आठ अंशांहून थोडा जास्त. नुसता बाहेरचा एक दाता फिरवला की गाडी झटक्यात दोन इंच खाली बसते. आधीच्या हौशी माणसाने मागच्या बाजूला तेवढंच केलं होतं. पण आतला एक दाता एका दिशेला आणि बाहेरचा एक उलट दिशेला सरकवला, तर उरतो दोन्हींतला फरक, एका अंशालाही थोडा कमी. चाकापाशी तो अर्धा-पाऊण सेंटिमीटर भरतो. दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवून कुणा इंजिनियरने बारीक मापाची सोय अशी लपवून ठेवली, की वेगळा स्क्रू नाही, वेगळी किल्ली नाही. मी हे कागदावर मांडून पाहिलं, आणि शाळेत मसावि-लसावि इतक्या कंटाळ्याने का शिकवतात असा प्रश्न पडला.

दाते सरकवायचं काम मात्र कागदासारखं स्वच्छ नाही. पट्टी चेसीवरच्या एका कंगोऱ्यावर टेकलेली असते आणि तेव्हाही दांड्यात पीळ भरलेला असतो. शॉकॲब्सॉर्बर सोडवला, चाकाचा हात पट्टीपासून वेगळा केला (त्याआधी दोघांवर छिन्नीने एक आडवी खूण, नाहीतर चाकाची दिशा हरवते), रबरी बुशचं झाकण काढलं. मग त्याने पट्टीखाली जॅक आणि साखळी लावली, मला चार पावलं मागे घेतलं, आणि पहारीने पट्टी कंगोऱ्यावरून बाहेर ओढली. ठप्प करून ती खाली आली. साखळी नसती तर ती पट्टी नडगी फोडायला कमी करत नाही. मग दांडा बाहेर, हळू, दोन्ही हातांनी, आणि लगेच फडक्यात. मी बोट लावायला गेलो तर त्याने दांडाच बाजूला घेतला. दांड्यावरचा रंग शोभेचा नसतो. तिथे ओरखडा पडला तर गंज धरतो, गंजाच्या जागी चीर सुरू होते, आणि एक दिवस दांडा तुटतो. डावा-उजवाही बदलून चालत नाही. कारखान्यातच त्यांना ज्या त्या दिशेचा पीळ देऊन ठेवलेला असतो, टोकावर तशी खूण असते.

त्याने बसवलेला कोन चुकला. मोकळ्या गाडीवर बरोबर होता, पण जोडप्याला बोलावून त्याने गाडीत पाण्याचे कॅन भरायला लावले, गॅसची टाकी ठेवली, त्या दोघांनाही आत बसवलं, आणि उजवी बाजू बोटभर झुकली. कपाटं, शेगडी, सिंक सगळं उजवीकडे, इंग्लंड म्हणून ड्रायव्हरही उजवीकडे. पुन्हा चाक काढणं, पुन्हा पहार, उजव्या दांड्याला आत एक, बाहेर एक. रिकाम्या गाडीवर माप घेणारा मेकॅनिक कॅम्परचं माप घेतच नाही, हे त्याचं ठाम मत होतं. मला पटलं.

पुढची बाजू वेगळी. तिथे दोन आडव्या नळ्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीत गोल दांड्याऐवजी चपट्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, मधोमध एका स्क्रूने धरलेला. आधीच्या माणसाने जुडग्यातल्या काही पट्ट्याच काढून टाकल्या होत्या. गाडी खाली आली, पण पुढचं सगळं लुळं पडलं, आणि उरलेल्या पट्ट्यांवर दुप्पट काम. शिवाय चाकाचे हात वरच्या बाजूला इतके वळले की बॉल जॉइंट आपल्या हद्दीच्या काठावर. अशा जॉइंटला मोठा खड्डा मिळाला तर तो वाकत नाही, निखळतो.

त्याचा इलाज खर्चिक होता. पट्ट्या पूर्ण घातल्या. मग ज्या स्पिंडलवर चाक फिरतं, तोच बदलला: नव्याचा आस मूळ जागेपेक्षा अडीच इंच वर घेतलेला. चाक वर म्हणजे गाडी खाली, पण हातांचे कोन कारखान्याचे, जॉइंट आपल्या हद्दीत, आणि वर-खाली दोन्हीकडे हालचालीला जागा. एवढं ऐकून मला वाटलं, सुटला प्रश्न. नाही सुटला. हे स्पिंडल चाकाला थोडं बाहेर ढकलतात, आणि बाहेर आलेलं टायर पुन्हा मडगार्डला लागतं. म्हणून नळ्यांची अख्खी जोडी अरुंद करायची. नळ्या अरुंद केल्या की आतल्या पट्ट्या कापायच्या, स्टिअरिंगचे रॉड आखूड करायचे, आडवा अँटी-रोल बारही त्याच मापाचा हवा. रॉडची लांबी किंवा उतार जरा जरी बिघडला, तर खड्ड्यावर चाक वर जाताना आपोआप वळतं, आणि सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच्या मनाने डोकं हलवते. एक इंच मागितला की चार ठिकाणी फेडावा लागतो.

मागेही तसंच. गाडी खाली बसली की मागची चाकं वरच्या बाजूने आत कलतात. फोटोत हे जोरदार दिसतं. टायर मात्र आतल्या कडेने झिजतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते नवेच वाटतात. या गाडीला मालवाहू गाडीचे, जास्त भार पेलणारे टायर लागतात. आधीच्या माणसाने गाडी आणखी खाली दिसावी म्हणून साध्या कारचे बुटके टायर चढवले होते. मेकॅनिक फक्त त्या एका गोष्टीवर चिडला. बाकी सगळं त्याच्या दृष्टीने हौस. टायर म्हणजे आतल्या माणसांचा जीव.

शॉकॲब्सॉर्बर मूळ लांबीचे ठेवले होते, ते तळाला आपटत होते. धक्का झेलणारी रबरं कापून टाकली होती. ठण्ण आवाज तिथला. आखूड शॉकॲब्सॉर्बर आणि नवी, अर्ध्या उंचीची रबरं आली. पंक्चर झालं तर काय, हे जोडप्याने विचारलंच नव्हतं: इतक्या खाली बसलेल्या गाडीखाली साधा जॅक शिरत नाही, आधी चाक फळीवर चढवावं लागतं. फळी गाडीतच ठेवायची. कॅम्पिंगच्या शेतातले ओले चर, बोटीवर चढायचा उतार, गावातले गतिरोधक, सगळं तिरकं घ्यायचं. गतिरोधकांचा विषय निघाल्यावर मी पुण्याबद्दल थोडं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

कागदपत्रांचा घोळ उरतोच. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८च्या मेपासून वार्षिक तपासणी माफ आहे, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तर. सस्पेन्शनची जातच बदलली, तर तो मोठा बदल. दांडे तेच, नुसते दाते सरकवले, तर काळजी नाही. हवेचे फुगे बसवले, की प्रश्न उभा राहतो. फारच फेरफार केलेल्या गाड्यांसाठी वेगळी गुणपद्धत होती: मूळ नंबर टिकवायला किमान आठ गुण लागत, त्यात चौकटीचे पाच, सस्पेन्शनचे दोन, इंजिनाचा बिचारा एक. जर्मनीत असे बदल सहसा तपासून गाडीच्या कागदांत चढवून घ्यावे लागतात. आपल्याकडे गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं; तरी कोल्हापूर ते नागपूर बसवलेल्या आणि उचललेल्या गाड्या निवांत फिरतात.

जोडप्याने वार्षिक तपासणी माफ असूनही करून घ्यायची ठरवली, ते मला आवडलं. विमा कंपनीला मात्र स्पिंडल, नळ्या, टायर यांची यादी कळवणं भाग होतं, आणि प्रत्येक वस्तूचा फोटो हवा होता. नवरा गाडीखाली आडवा होऊन फोटो काढत होता. तेवढ्यात बायकोने मेकॅनिकला हळूच विचारलं, पुढून आणखी अर्धा इंच जाईल का. त्याने पाना पुसून खणात ठेवला आणि सांगितलं, आधी पाण्याचे कॅन भरून हजार मैल चालवा, टायरची आतली कड पाहा, मग विचारा.