नकाशातील नावे बदलता यावीत म्हणून

नकाशा फुकट पाहायला मिळणे आणि तो मुक्तपणे वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या बहुतेक नकाशांना पैसे पडत नाहीत, परंतु तेच नकाशे पुस्तकात छापायचे किंवा त्यांवरून नवे तयार करायचे म्हटले, की मालक कंपनीच्या अटी आड येतात. याउलट, २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या आणि स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ची माहिती श्रेय देऊन कोणालाही वापरता येते, मात्र तिच्यात भर घालून नवा माहितीसंच प्रसिद्ध केल्यास तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. ‘नॅचरल अर्थ’ या जागतिक नकाशासंचावर तर एवढेही बंधन नाही.

परवाना खुला असला तरी फाइलचे स्वरूप बंदिस्त असेल, तर तो खुलेपणा कागदावरच राहतो. छायाचित्रासारखी प्रतिमा रंगबिंदूंची बनलेली असल्याने मोठी करताच फुटते, तर व्हेक्टर प्रतिमेत बिंदूंचे स्थान आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा नोंदलेल्या असल्याने ती कोणत्याही आकारात रेखीव राहते. २००१ साली मानक ठरलेले ‘एसव्हीजी’ हे स्वरूप तर साध्या मजकुराचे असते. त्यातील ‘एम’ हे अक्षर लेखणी कोठे टेकवायची ते सांगते, ‘एल’ रेषा कोठवर ओढायची ते सांगते आणि ‘झेड’ आकृती बंद करते. गावाचे नावही त्यात अक्षररूपानेच असल्यामुळे ‘पूना’ खोडून ‘पुणे’ लिहिण्यासाठी नकाशा पुन्हा काढावा लागत नाही, आणि मराठी शाळेसाठी नकाशा करणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही.

अडचण येते ती फाँटची. योग्य देवनागरी फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोन उमटू शकतात, म्हणून छापखान्यात मजकूर ‘कर्व्ह करून’ मागतात, म्हणजे अक्षरांच्या केवळ बाह्यरेषा ठेवतात. अशी फाइल बिनचूक छापली जाते खरी, पण तिच्यातील नाव पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह करण्यापूर्वीची मूळ प्रत जपून ठेवणे अत्यावश्यक आहे.

रेखीवपणा म्हणजे अचूकपणा, असा समजही करून घेऊ नये. ‘नॅचरल अर्थ’च्या सर्वांत ढोबळ संचाचे प्रमाण एकास अकरा कोटी आहे, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवरच्या एकशेदहा किलोमीटरांएवढा, महाराष्ट्राचा सबंध किनारा त्यावर नखाएवढ्या जागेत मावतो. ती रेषा भिंतीएवढी केली तरी काठ फुटणार नाही, पण दाभोळची खाडीही उगवणार नाही. ती हवी असेल तर ‘ओपनस्ट्रीटमॅप’मधील सविस्तर किनारारेषाच घ्यावी लागते.